पान एकशे बारावरचा कंस

सर्व संबंधित, असंबंधित आणि नुसतेच डोकावायला आलेले अशा सर्वांना या लेखाद्वारे गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने आपल्या तेवीस वर्षांच्या नोकरीत एक अत्यंत घातक वस्तू रोज उघड्या हातांनी हाताळलेली आहे. तिला परवाना लागत नाही. ती खिशात मावते. चुकीच्या जागी पडली तर एका धडधाकट माणसाची बोट ती कायमची वाळूत बसवू शकते. त्या वस्तूचे नाव कंस. गोल कंस. एक उघडणारा, एक बंद होणारा.

हसलात? हसा. मीही हसायचो. पान एकशे बारापर्यंत.

मी डहाणूच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे दिवसभर पंख्याखाली बसून ‘आवाज नको’ म्हणणारा माणूस अशी लोकांची समजूत असते. ती मोडायचा मी कधी प्रयत्न केला नाही, कारण मग पंखा जाईल. पण आमच्याकडे पीएच.डी.चं केंद्र आलं, तालुक्यातले आणि तलासरीकडचे शिक्षक-प्राध्यापक प्रबंध लिहायला लागले, आणि प्रत्येक प्रबंध बांधणीला जाण्याआधी माझ्या टेबलावर येऊन पडायला लागला. मी त्यातला विषय वाचत नाही. गवत असो, चिकू असो, मासे असोत. मी फक्त कंस वाचतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रबंधात तुम्ही दुसऱ्याची गोष्ट घेतलीत, मग तो विचार असो, माहिती असो की आख्खं वाक्य, तर तिथल्या तिथे, वाक्य संपायच्या आत, कंसात सांगायचं की ही कोणाची. आडनाव, साल, आणि शब्द जसेच्या तसे उचलले असतील तर पान. मुलाखत असेल तर पूर्ण नाव आणि गाव. शेवटी संदर्भसूची असते, तिथे त्या माणसाचा सगळा ठावठिकाणा. पंगतीत बसलेला प्रत्येक जण आमंत्रणाच्या यादीत हवा, आणि यादीतला प्रत्येक जण पंगतीत दिसायला हवा. मी फूटपट्टी ओळीखाली सरकवत जातो आणि जो सापडत नाही त्याच्याभोवती लाल गोल करतो. इतकं सोपं काम आहे. म्हणूनच बहुधा कोणालाही जमत नाही.

पोरं मला पाठीमागे कंसमामा म्हणतात. तोंडावर ‘सर’. मला दोन्ही चालतं.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. चिकूवर लिहिणाऱ्या एका प्राध्यापकांनी एका पुस्तकाचं पान दोनशे बारा कंसात दिलं होतं. पुस्तक आमच्याच कपाटात होतं. मी उघडलं तर ते एकशे ऐंशी पानांतच संपत होतं. प्राध्यापकांना पुस्तक दाखवलं, तर त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तो कंस दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलला होता, त्या दुसऱ्याने तिसऱ्याच्या. तीन प्रबंध एका नसलेल्या पानावर वर्षानुवर्षं टेकून उभे होते. अशा वेळी मी मान खाली घालून फूटपट्टी पुसतो, म्हणजे माझं हसू दिसत नाही.

दुसरे तलासरीचे एक सर. गवताच्या व्यापारावर लिहीत होते. त्यांच्या एका कंसात होतं: (एक म्हातारा, एसटीत). माझ्या सगळ्या नोकरीत इतका खरा कंस मी पाहिला नाही. पण नियम तो नियम. मी लाल गोल केला आणि समासात लिहिलं, ‘नाव?’ बिचारे तीन आठवडे त्याच एसटीने, त्याच वेळेला जात राहिले. अखेर म्हातारा सापडला. सरांनी नाव विचारलं, आणि त्याचंच वाक्य त्याला वाचून दाखवलं. म्हातारा म्हणाला, “मी असा कवा बोल्लो? मी तर बोलतच नाय एसटीत.”

असा मी मजेत होतो. माझी ‘नाव?’ ही लाल पाटी साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध होती. ती एखाद्याला गोत्यात आणील असं कधी मनात आलं नाही. मग हर्षदा आली.

हर्षदा वरोरची. वडील काशीनाथ धंद्याने तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, आणि आडनावानेही तांडेलच. ती चिखल्याच्या शाळेत शिकवते आणि भूगोलात प्रबंध करत होती: मच्छीमार समुद्रात जागा कशी ओळखतात. आता हे मला तिच्याच प्रबंधातून कळलं, कारण त्या वेळी कधी नव्हे तो मी विषय वाचला. समुद्रात रस्ते नसतात, पण माशांच्या जागा असतात. पाण्याखालचा एखादा खडक, एखादी घळ, तिथे घोळ, दाढा असे मोठे मासे लागतात. ती जागा सापडायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरतात. मागचा डोंगर आणि पुढची ताडं एका रेषेत आली की एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला असंच दुसरं काहीतरी. दोन्ही जुळलं की तुम्ही खडकाच्या बरोबर डोक्यावर. आता बोटीत जीपीएसचं यंत्र असतं, पण जुन्या जागा अजून खुणांनीच धरतात, आणि यंत्रात भरल्या तरी यंत्र घरी नेऊन ठेवतात.

कारण खूण ही घराबाहेर सांगायची गोष्ट नाही. बाप ती मुलाला सांगतो, तीही पाण्यावर, बोटीत, आणि शक्यतो न बोलता. नुसतं बोट दाखवतो. जागेवरून परत येताना वाकडी वाट करतात, मागून कोणी बघत असेल म्हणून. समुद्रावर कोणाला फोनवर विचारा, कुठे आहेस, तो धडधडीत खोटं सांगेल, आणि विचारणाराही ते धरूनच चालतो. ज्याने खूण फोडली त्याला गावात कोणी काही बोलत नाही. फक्त त्याची बोट किनाऱ्याला लागली की वर ओढायला कोणी हात लावत नाही. भरतीच्या आत बोट वर ओढायला आठ-दहा माणसं लागतात. काशीनाथरावांसारख्या अडुसष्ट वर्षांच्या एकट्या माणसाला ती ओढता येत नाही. एवढंच. शिक्षा म्हणून पुरे होतं.

काशीनाथरावांचा मुलगा वापीला कंपनीत लागला. त्याला खुणा नको होत्या. मुलीला हव्या होत्या, प्रबंधासाठी. म्हाताऱ्याने जाळी विणता विणता तिला सगळ्या सांगितल्या. त्या घरात पहिल्यांदाच खुणा पाण्यावर न सांगता ओटीवर सांगितल्या गेल्या, आणि पहिल्यांदाच मुलीला.

पोरीला अक्कल होती. तिने कच्च्या प्रतीत लिहिलं होतं: ‘एका ज्येष्ठ तांडेलाने सांगितले.’ नाव नाही, गाव नाही. आणि इथे रंगमंचावर माझा प्रवेश होतो. लाल पेन, फूटपट्टी, चष्मा नाकावर. मी तिला टेबलासमोर उभी करून गरजलो, “ज्येष्ठ तांडेल म्हणजे कोण? वाऱ्यावरची वरात? मुलाखतीचा माणूस आपल्या पद्धतीत सूचीत जात नाही, कारण त्याचं पान कोणी उघडू शकत नाही. त्याला उभं राहायला कंसाशिवाय जागा नाही. आणि तिथूनही तू त्याला हाकलतेस? नाव घाल!”

ती म्हणाली, “सर, नाव नाही घातलं तर नाही चालणार?”

“नाही चालणार.”

त्यावर समासात मी आणखी एक लाल प्रश्न टाकला, आणि त्याचा मला विशेष अभिमान वाटला होता: ‘ही खूण त्यांना कोणाकडून मिळाली?’ तिने घरी जाऊन वडिलांना विचारलं. तिने नंतर मला सांगितलं की त्यांचा जाळ्यातला हात जरा थांबला, मग ते म्हणाले, “बापानं दिली. लिव.” नावाबद्दल म्हणाले, “सर म्हणतात तर घाल. कोण वाचतो?”

म्हणून छापील प्रबंधाच्या पान एकशे बारावर गेलं: खडकावर उभं राहायचं तर महालक्ष्मीचा सुळका जोडताडांच्या मधोमध हवा, आणि सुरूच्या बनाच्या टोकातून वीज केंद्राची चिमणी दोन बोटं बाहेर. ही खूण त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली (काशीनाथ तांडेल, वरोर, मुलाखत). कंस निर्दोष होता. मी स्वतः बरोबरची खूण केली.

प्रबंध विद्यापीठात गेला. परीक्षकांकडे गेला. कोण वाचतो, हे खरंच होतं, आमच्या प्राचार्यांना उत्साहाचा झटका येईपर्यंत.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दुपारी हर्षदा वाचनालयात आली ती थेट माझ्या टेबलाला धरून उभी राहिली. “सर, प्राचार्यांनी वरोरला पत्र धाडलंय. गावातून पहिली पीएच.डी. म्हणून. मच्छीमार सोसायटीचे सगळे येणारेत. टेम्पो ठरवलाय. लखूकाका शाल-नारळ घेऊन येणार.”

“अगं मग छानच की.”

“प्रबंध दारात टेबलावर ठेवणार आहेत. सगळ्यांना बघायला.”

मी पेन खाली ठेवलं.

लखूकाका म्हणजे लखमा तांडेल, वरोरच्या बोटवाल्यांमधला मुख्य माणूस. काशीनाथरावांशी त्यांचं बोलणं असतं, पण ते हवामानापुरतं. दोघांच्या बोटी शेजारी लागतात आणि दोघं एकमेकांच्या टोपल्यांकडे बघत नाहीत.

“बाबांना सांगितलंस?”

“सांगितलं. म्हणाले, मी येणार. पोरीची परीक्षा हाय. मग जाळं घेऊन बसले, पण सर, विणत नव्हते. नुसतं धरून बसले होते.”

मी गंभीर चेहऱ्याने उपाय सुचवायला लागलो. एकशे अकरा आणि एकशे तेरा ही पानं डिंकाने चिकटवायची. ती म्हणाली, परीक्षकांकडे त्यांची प्रत आहे, आणि त्यांनी तेच पान वाचून दाखवायला सांगितलं तर? नाव काढून ‘माहितगार क्रमांक एक’ असा नवा कागद लावायचा. ती म्हणाली, “वरोरमध्ये पीएच.डी. करणारी मुलगी किती माहितगारांना आहे, सर?” ती निघाली तेव्हा दारात वळून म्हणाली, “मी आधी नाव नव्हतं घातलं, सर.” रागाने नाही. नुसतं नोंद करावी तसं.

दुसऱ्या दिवशी अकराला परीक्षा. मी साडेनऊलाच हॉलवर. टेबलावर पांढरी चादर, झेंडूचा हार, आणि मधोमध निळ्या बांधणीचा प्रबंध, सोन्याच्या अक्षरांचा. मी इकडे-तिकडे बघून तो काखेत मारला. दहा पावलं गेलो नाही तोच प्राचार्य समोर.

“कुठे निघालात सर?”

“नोंद करायची राहिलीय रजिस्टरला.”

“उद्या करा हो. आज लोकांना बघू द्या.” त्यांनी तो माझ्या काखेतून काढून पुन्हा चादरीवर ठेवला, आणि वर उघडून ठेवला. नशिबाने प्रस्तावनेवर.

टेम्पो आला. तीस-पस्तीस माणसं उतरली. धुतलेले सदरे, बायकांच्या केसांत अबोली. काशीनाथराव एकटे, मागून पायी येत होते. ते टेम्पोत बसलेच नव्हते, स्टेशनवरून चालत आले होते. मला बघून त्यांनी हात जोडले. ज्या माणसाने आपल्याला या संकटात घातलं त्याला. मला जमिनीत जावंसं वाटलं.

लखूकाका थेट टेबलाकडे. मी दोन हातांच्या अंतरावर उभा, हार सरळ करण्याचं नाटक करत. त्यांनी खिशातून चष्मा काढला, काचा सदऱ्याला पुसल्या, आणि बोट ओळीखाली ठेवून वाचायला लागले. मी तेवीस वर्षं जसं वाचतो तसंच, फूटपट्टीऐवजी बोट. पानं उलटली. नकाशे. एक माणूस मागून म्हणाला, “आपल्या गावाचा नाव हाय का बघ.” लखूकाकांनी सूची उघडली, सूचीत गाव नव्हतं. मला जरा श्वास आला. मग ते मागून पुढे पानं उलटायला लागले. एकशे चाळीस. एकशे पंचवीस. मी प्रत्येक पानाबरोबर आकडा मोजत होतो.

एकशे बारा.

बोट सरकत गेलं आणि कंसावर थांबलं. तिथेच राहिलं. लखूकाकांनी चष्मा काढला, घडी केला, खिशात ठेवला. प्रबंध मिटला. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं. शेजाऱ्याच्या कानात दोन शब्द, त्याने पुढच्याच्या. ते दोन शब्द हॉलभर फिरताना मला दिसत होते.

काशीनाथराव दुसऱ्या रांगेत बसले. त्यांच्या डाव्या बाजूची खुर्ची रिकामी राहिली, उजव्या बाजूचीही. मागे माणसं भिंतीला टेकून उभी, पण त्या खुर्च्यांवर कोणी बसलं नाही. मला पुढचे सगळे दिवस दिसले: ओहोटीची वेळ, पाण्याच्या कडेला बोट, आणि तिला एका बाजूने खांदा लावून उभा असलेला एकटा म्हातारा. आणि ते सगळं माझ्या लाल पेनातून निघालेलं. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. माझ्या बसण्याने बोट ओढली जाणार नव्हती, हे मलाही कळत होतं. ते हळूच म्हणाले, “सर, पोरगी पास होल ना?”

हर्षदा बोलायला उभी राहिली. पहिली पाच मिनिटं ती फक्त पडद्याकडे बघत होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शांत, किडकिडीत, केस पांढरे. त्यांनी दोन-चार साधे प्रश्न विचारले. मग प्रत उघडली. त्यांनी पान सांगायच्या आधीच मला ते कळलं होतं.

“पान एकशे बारा. या खुणेत वीज केंद्राची चिमणी आहे. आणि पुढे तुम्ही लिहिता की खूण वडिलांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली. पण तुमच्या आजोबांच्या काळात तर ही चिमणी नव्हती. मग तेव्हा दुसरी बाजू कशी धरायचे?”



मी हे वाक्य तीन वेळा फूटपट्टी लावून वाचलं होतं. कंस आहे का, बंद झालाय का, स्वल्पविराम जागेवर आहे का. आत जे लिहिलंय ते खरं आहे का, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तेवीस वर्षं मी पंगतीतली माणसं मोजत होतो, तोंडाकडे कोणाच्याच बघितलं नव्हतं.

हर्षदाने वडिलांकडे बघितलं. काशीनाथराव माझ्या शेजारून उठले. हातातली टोपी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. “बाई, पोरीची चूक नाय,” ते म्हणाले. “मी तिला जा सांगितला ता तिनी लिवला. मी तिला...” आणि ते थांबले.

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. लखूकाका उभे राहिले होते.

इथे थोडं थांबून मागचं-पुढचं सांगून टाकतो, कारण त्यांच्या वाक्यानंतर माझ्याकडे बोलायला काही उरत नाही. हर्षदा पास झाली, एका दुरुस्तीवर. काशीनाथरावांची बोट अजून पाण्यात जाते आणि परत आली की वर ओढायला माणसं असतात. मी स्वतः जाऊन बघून आलोय, घाबरत घाबरत, सुरूच्या बनातून. दोन्ही म्हातारे आता हवामानाशिवायही भांडतात. मी अजून लाल गोल करतो. फक्त समासात ‘नाव?’ लिहायच्या आधी लिहितो: ‘नाव छापू का, हे त्यांना विचारलंत का?’ आणि मग फूटपट्टी बाजूला ठेवून ते वाक्य एकदा पूर्ण वाचतो.

तर लखूकाका उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. काशीनाथरावांनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले. आणि भरलेल्या हॉलमध्ये, प्राचार्य, परीक्षक आणि शाल-नारळाच्या देखत, लखूकाका ओरडले:

“काश्या, खूण फोडलीस त्याचा मागून बघू! पण चिमणीच्या आधी तिथं इराण्याच्या चिकूवाडीतली पवनचक्की होती, आन ती तुला माझ्या बापानं दावली, तू आमच्या बोटीवर खलाशी होतास तवा! ओ बाई, त्या कंसात आधी माझ्या बापाचा नाव लिवा, मंग ह्याचा!”